वेगवान मोटार आणि गॅसचे इंधन

दादरा-नगरहवेली हे नाव निघाले की वडीलधाऱ्यांना १९५४ सालचा मुक्तिलढा आठवतो; तरुणांना मात्र तेथील कारखाने आठवतात. सिल्वासाजवळच्या मसाट या गावी सरकारी औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातील पुष्कळ मुले येऊन राहिली आहेत. माझा एक भाचा त्यांपैकीच. सुताच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम तो करतो. शनिवारी पाळी संपली की जव्हार-मोखाड्याच्या वाटेने नाशिकला घरी यायचे आणि रविवारी रात्री परत जायचे, असा त्याचा क्रम आहे. या येण्याजाण्यासाठी म्हणून त्याने एक जुनी मोटार घेतली, आणि आजच्या भाषणाला जे निमित्त झाले ते त्या मोटारीनेच.

मोटार आहे फियाटची पॅलिओ, तीही १.६ लिटरच्या इंजिनाची. ही गाडी २००१ साली बाजारात आली. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. आकाराने लहान, पण अंगात शंभर अश्वशक्ती. म्हणजे त्या काळच्या घरोघरीच्या मारुती ८०० च्या दुपटीहूनही अधिक. साहजिकच वेगाची आवड असणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तितक्याच लवकर तिच्या पेट्रोलच्या खर्चाने कपाळाला हातही लावला. भाच्याच्या आधीच्या मालकाने त्यावर उपाय म्हणून तिला गॅसचे किट बसवून घेतले होते. किट आयते मिळाले म्हणून भाचा खूश होता. पण तोरंगणचा घाट चढताना गाडी धापा टाकू लागली. बटण दाबून पेट्रोलवर घेतली की सुसाट, गॅसवर घेतली की मरगळलेली. "मामा, गॅसमध्ये जोरच नाही," असा निकाल देऊन तो मोकळा झाला.

हे मत त्याच्या एकट्याचे नाही. गॅसवर गाडी चालवणे म्हणजे काटकसरीपायी जोर गमावणे, अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि तिला जुना आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा आपल्याकडे मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांतील वायूवर त्या चालवीत. त्या वायूत निम्म्याहून अधिक भाग न जळणाऱ्या नत्रवायूचाच असे. त्यामुळे चढ आला की उतारूंना खाली उतरून गाडीला हात लावावा लागे. परंतु त्या वायूचा दोष आजच्या गॅसच्या माथी मारणे बरोबर नाही. वस्तुतः मोटारीचे इंजिन जन्मले तेच गॅसवर. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने चालवलेले इंजिन काय किंवा १८७६ साली जर्मनीत ऑटोने सिद्ध केलेले इंजिन काय, दोन्ही दगडी कोळशाच्या गॅसवर चालत. पेट्रोल मागाहून आले.

आपण ज्याला एलपीजी म्हणतो तो मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचा मेळ. थोड्या दाबाने त्याचा द्रव होतो आणि दाब काढला की तो पुन्हा वायुरूप होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो, म्हणून लहानशा टाकीत तो पुष्कळ मावतो. हा गॅस स्वयंपाकघरात १९५५ साली मुंबईत प्रथम आला. मोटारीत तो वापरण्यास आपल्या कायद्याने मोकळीक दिली ती मात्र २००० सालच्या सुमारास.

आता जोराचा प्रश्न. पेट्रोल दट्ट्याखाली अति दाबले गेले तर ठिणगीची वाट न पाहता मध्येच पेट घेते आणि इंजिनातून ठकठक असा आवाज येऊ लागतो. इंधन हा दाब कितपत सोसते हे ज्या अंकाने मोजतात त्याला ऑक्टेन अंक म्हणतात. आपल्या नेहमीच्या पेट्रोलचा हा अंक ८८ होता, तो पुढे ९१ झाला. एलपीजीचा अंक शंभरीच्याही वर जातो. म्हणजे ज्या इंजिनात इंधन अधिक दाबले जाते, जे अधिक तापते, अर्थात जे वेगवान गाडीचे इंजिन आहे, त्याला हे इंधन साध्या गाडीपेक्षा अधिकच मानवावे. उणी बाजूही आहे. वायुरूप गॅस सिलिंडरमध्ये जागा व्यापतो. शंभर भाग मिश्रणात सुमारे चार भाग. तेवढी हवा कमी आत येते. शिवाय पेट्रोलचे तुषार हवेत विरताना तिला गार आणि दाट करतात, तो लाभही जातो. या सर्वांची बेरीज केली तरी तूट शंभरात पाच-सातांच्या आसपास राहते. शंभर अश्वांतील पाच-सात अश्व कमी झाले म्हणून घाटात गाडी धापा टाकीत नाही. मग बाकीचे अश्व गेले कोठे?

याचे उत्तर शोधायला मी एका रविवारी मसाटला गेलो. भाच्याच्या खोलीपुढच्या अंगणात गाडीचे टोपण उघडून आम्ही दोघे बसलो.

येथे स्वयंपाकघर आणि मोटार यांतला एक भेद सांगितला पाहिजे. घरच्या सिलिंडरमधून आपण वरचा वायू घेतो. मोटारीच्या टाकीतून मात्र तळचा द्रव ओढला जातो आणि इंजिनाजवळ बसवलेल्या एका डबीत त्याचा वायू केला जातो. या डबीला मेकॅनिक मंडळी रिड्यूसर म्हणतात. द्रवाचा वायू व्हायचा तर उष्णता हवी. ती इंजिन गार करणाऱ्या गरम पाण्यातून मिळते. म्हणूनच गाडी आधी पेट्रोलवर सुरू करतात आणि पाणी तापल्यावर गॅसवर घेतात. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालले तर ढोबळ हिशेबाने तासाला वीस किलो गॅस खाते. १४.२ किलोचा जो सिलिंडर आपल्या घरी महिनाभर पुरतो तो या इंजिनाला पाऊण तासही पुरणार नाही! एवढ्या द्रवाचा वायू करायला बादलीत पाणी तापवण्याची विजेची कांडी जितकी उष्णता देते तितकी उष्णता सतत लागते. डबी लहान असली किंवा तिच्याकडे येणारे पाणी कमी पडले तर ती इतकी गारठते की ऐन इंजिनाशेजारी तिच्यावर बर्फाची साय धरते.

भाच्याच्या गाडीतील डबी जुनी व आकाराने बेताचीच होती. तिच्यावरची पट्टी फडक्याने पुसून वाचली, तेव्हा ती ज्या आकारमानाच्या इंजिनासाठी केलेली होती ते या इंजिनाच्या जवळपासही नव्हते. कोण्या लहान गाडीची डबी या गाडीला चिकटवलेली होती. दुसरे असे की, हवेच्या नळीत गॅस मिसळण्यासाठी एक कडे बसवले होते आणि त्याचे भोक इतके अरुंद होते की पेट्रोलवर चालतानाही इंजिनाला नाक दाबून श्वास घ्यावा लागत होता. गाडी सावकाश जात असता यातले काहीच कळत नाही. थोडा गॅस पुरतो, इंजिन गोड गुरगुरते. किट बसवणारा कारागीरही गाडी जागेवर उभी ठेवूनच सुरांची जुळणी करतो आणि धुराची तपासणी करून पैसे घेतो. घाटात अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला की मग खरी मागणी येते, आणि तेव्हा डबीकडे द्यायला काही नसते. भाच्याच्या इंजिनाची उपासमार होत होती, एवढाच त्याचा अर्थ.

उपासमारीचा परिणाम केवळ जोर कमी होण्यात संपत नाही. हवा अधिक आणि गॅस कमी असे मिश्रण सावकाश जळते. जळता जळताच धूर बाहेर जाण्याची झडप उघडते आणि ती ज्वाला झडपेच्या कडेवरून जाते. तशात पेट्रोलमुळे झडपेच्या बैठकीला जे थोडे संरक्षण मिळते तेही कोरड्या गॅसमध्ये नसते. काही हजार किलोमीटरांनी झडपा जळतात, आणि मग "गॅसने इंजिन खाल्ले" अशी आवई उठते. कड्याच्या जुन्या पद्धतीत आणखी एक भय असते. हवेची सबंध नळी पेटत्या मिश्रणाने भरलेली राहते. ठिणगी चुकली तर भडका उलटा नळीत शिरतो व तिच्या चिंध्या करतो.

नव्या पद्धतीत हे टळते. तीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी गॅसची वेगळी पिचकारी असते. मेकॅनिक तिला इंजेक्टर म्हणतात. एक छोटा संगणक पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडली असती ते पाहतो, त्याला गॅसच्या हिशेबाने गुणतो आणि तितकाच वेळ गॅसची पिचकारी उघडतो. नळीत गॅस साठत नाही, कड्याने श्वासही कोंडत नाही. अट एकच, की डबी आणि पिचकाऱ्या इंजिनाच्या पूर्ण शक्तीला पुरतील अशा निवडल्या पाहिजेत, आणि जुळणीची अखेरची परीक्षा भारावर, म्हणजे चढावर किंवा रुळांच्या चाचणीयंत्रावर झाली पाहिजे. प्लगची फट थोडी कमी करावी लागते, कारण गॅसला पेटायला अधिक जोरदार ठिणगी हवी असते. कमी वेगात ती ठिणगी जराशी आधी पाडली तर पिकअप सुधारतो.

झाकण मिटून आम्ही डिकी उघडली, आणि तेथे जे दिसले त्याने मी इंजिनाचे दुखणे विसरलो. जादा चाकाखाली रबरी नळीचे वेटोळे होते आणि तिच्या टोकाला एक पितळी तोटी. घरगुती सिलिंडर उलटा टांगून त्यातला गॅस मोटारीच्या टाकीत ओतण्याची ती सोय! आधीच्या मालकाने ती गाडीबरोबर भेट दिली होती. "तूही वापरलीस?" मी विचारले. भाचा काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "दोनदाच, मामा."

दोनदाच! ज्या खोलीच्या दारात आम्ही उभे होतो तिच्या दोन्ही बाजूंना बिऱ्हाडे होती आणि दोन्हीकडे शेगड्या पेटलेल्या होत्या. गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो सुटला तर वर उडून जात नाही. पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो, उंबऱ्यावरून आत शिरतो, गटारात आणि खळग्यात साचून राहतो. हवेत तो शेकडा दोन भाग मिसळला तरी एक ठिणगी पुरते. त्याला मुद्दाम दिलेला उग्र वास हीच काय ती सूचना, आणि नळी जोडताना-काढताना तो वास येणारच म्हणून तिकडेही दुर्लक्ष होते.

टाकीचीही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटारीची टाकी शेकडा ऐंशी भागच भरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की या द्रवाचे आकारमान शंभरास दोन-तीनांनी वाढते. वैशाखात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत त्याला फुगायला जागा हवी. त्यासाठी टाकीवरच्या झडपेत आपोआप भरणे थांबवणारी योजना असते, नळी तुटली तर प्रवाह रोखणारी योजना असते, आणि दाब फार वाढला तर तो सोडून देणारीही असते. ही झडप जुनी, नादुरुस्त किंवा कोणी छेडलेली असली तर ऐंशी भागांची मर्यादा पाळणार कोण? घरगुती सिलिंडरचा गॅस मोटारीत वापरणे हा कायद्याने गुन्हाच आहे. त्याच्या ऑक्टेन अंकाची हमीही नसते. म्हणजे जिवावर उदार होऊन जे मिळवले ते इंजिनाच्या कामाचे असेलच असे नाही.

कायद्याची बाकीची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंधनातील हा बदल नोंदणीच्या कागदात नोंदवावा लागतो. किट मान्यताप्राप्त हवे आणि ती मान्यता आपल्या इंजिनाच्या आकारमानाला लागू हवी. अशा तपासण्या करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा होते आणि तिची तारीख टाकीवर कोरलेली असते. भाच्याच्या कागदांत गॅसची नोंदच नव्हती. अपघात झाला असता तर विमा कंपनीने प्रथम तेच विचारले असते.

खर्चाचा हिशेब तो स्वतःच करून बसला होता, पण त्यात एक चूक होती. एक लिटर गॅसमधील उष्णता एक लिटर पेट्रोलपेक्षा शेकडा वीसांनी तरी कमी असते. पेट्रोलवर लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी गॅसवर आठच जाईल. सोयीसाठी पेट्रोलचा भाव शंभर आणि गॅसचा साठ धरला, तर किलोमीटरला दहा रुपयांऐवजी साडेसात लागतील. किटला चाळीस हजार पडले तर सोळा हजार किलोमीटरांनंतर बचत सुरू होईल. नाशिकच्या फेऱ्या करणाऱ्याला ते अंतर फार नाही. महिन्यातून एकदा समुद्र पाहायला जाणाऱ्याने मात्र या फंदात पडू नये. मोटारींसाठी एलपीजीचा पंप आपल्या वाटेवर आहे की नाही तेही आधी पाहावे, कारण अलीकडे सीएनजीचे पंप वाढत आहेत आणि हे मागे पडत आहेत. तथापि सीएनजी सिलिंडरमध्ये याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि त्याला दोनशे पट वातावरणदाब सोसणारी जड टाकी लागते. गाडीचा चपळपणा ज्याला राखायचा आहे त्याला एलपीजीची हलकी टाकी बरी.

ती पितळी तोटी आम्ही त्याच दुपारी हातोड्याने ठेचली. जुने किट काढले. दोन महिने भाचा पेट्रोलवरच येत-जात राहिला आणि पैसे साठवीत राहिला. मग पिचकाऱ्यांचे, १.६ लिटरच्या इंजिनासाठी मान्य असलेले किट त्याने बसवून घेतले, कागदांत नोंद केली, आणि कारागिराला शेजारी बसवून गाडी चढावर नेली तेव्हाच पुरते पैसे दिले. गेल्या शनिवारी रात्री त्याचा दूरध्वनी आला. तोरंगणचा घाट गॅसवर, तिसऱ्या गियरमध्ये चढला म्हणाला.