पिकणं लांबवायचं कसं?

करमाळा तालुक्यातल्या कंदर भागात केळी तोडताना घड जमिनीला टेकू द्यायचा नाही, हा पहिला दंडक. एकजण कोयत्याने दांडा कापतो, दुसरा खांद्यावरच्या गादीवर घड झेलतो. तोड पाऊण पक्वतेलाच होते. सालीच्या कडा पुरत्या गोल झालेलं केळं दुबईला पोचायच्या आधी वाटेतच पिवळं पडायचं.

पॅकहाउसमध्ये घडाच्या फण्या सोडवल्या की कापल्या जागेतून पांढरा चीक ओघळतो. तो सालीवर वाळला तर काळा डाग राहतो, म्हणून फण्या लगेच तुरटीच्या पाण्यात जातात. मी एक फणी उचलायला गेलो, तर टाकीपाशी उभ्या मावशी म्हणाल्या, "दादा, आधी अंगठी काढा."

ओरखडा दिसायला वाईट, एवढंच त्याचं कारण नव्हे. तोडलं तरी केळं जिवंत असतं, श्वास घेतं. इजा झाली की ते इथिलीन वायू जास्त सोडतं, आणि हाच वायू पिकण्याला चालना देतो. खोक्यातलं एक केळं आधी पिकलं की शेजारची त्याच्या मागे लागतात. म्हणून काही निर्यातदार खोक्यात पोटॅशियम परमँगनेटची पुडी टाकतात. ते इथिलीन खातं आणि खाता खाता जांभळ्याचं तपकिरी होतं.

पुढे १३ किलोचं खोकं भरतं, पिशवीतली हवा ओढून घेतली जाते आणि माल थंड करायला जातो. थंडीने श्वास मंदावतो, म्हणून पिकणंही लांबतं. पण इथे लोभ चालत नाही. कंटेनरमध्ये १३ ते १४ अंश राखायचे. त्याखाली बराच काळ गेला, तर साल सोलल्यावर आतून तपकिरी रेषा दिसतात, आणि नंतर पिकवलं तरी रंग मळकट राख फासल्यासारखाच. घरच्या फ्रिजमध्ये हिरवी केळी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एवढी निगा परदेशी जाणाऱ्या मालाची. आपल्या बाजारांसाठीचे घड मात्र अजूनही कित्येक ठिकाणी ट्रकमध्ये एकावर एक रचले जातात आणि खालचे वरच्यांच्या भाराने चेपतात. शीतगृह प्रत्येकाला परवडणार नाही, हे मान्य. पण व्यापाऱ्यांनो, निदान फण्या करून क्रेटमध्ये तरी भरा.