तळहात-तळपायाचा सोरायसिस: मलम लावूनही का जात नाही?

या भागाचा हा लेखी उतारा. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे कुठली गोळी घ्या हे सांगणार नाही. उपचार चालतात कसे, तेवढंच बोलू.

आमच्या कळंबोलीत लोखंड बाजार आहे. दिवसभर सळया-पत्रे उचलणाऱ्याच्या हाताला घट्टे आणि भेगा असणारच, त्यात नवल कसलं? म्हणून तर तळहाताचा सोरायसिस तिथे सहज लपतो. त्यात भर म्हणजे सोरायसिस असलेल्या माणसाच्या त्वचेला सतत घासणं, दाब, जखम झाली की त्याच जागी चट्टा उठू शकतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. काम हातानेच करायचं आणि त्रासही हातालाच!

होतं काय, तर एरवी त्वचेच्या पेशी साधारण महिन्याभरात खालून वर येऊन गळतात. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा चुकीचे सिग्नल देते आणि हेच काम तीन-पाच दिवसांत उरकतं. गळायच्या आधीच पुढचा थर हजर. म्हणून जाड पापुद्रे, भेगा, रक्त. हा आजार हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. हे घरच्यांना आधी ऐकवा.

एक तळवा बोटांसकट धरला तर शरीराचा फक्त १ टक्का भाग. कागदावर आजार ‘थोडाच’ दिसतो, पण माणसाला धड चालता येत नाही, फोनचं फिंगरप्रिंट लागत नाही, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. टक्केवारीवरून त्रास मोजणं इथे सपशेल चुकतं.

आता मलम. तळव्याची त्वचा शरीरात सगळ्यात जाड, त्यात वर पापुद्र्यांचा थर, मग औषध आत जाणार कसं? म्हणून डॉक्टर अनेकदा स्टेरॉइडसोबत सॅलिसिलिक ॲसिड देतात. ते पापुद्रे सैल करतं. रात्री मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळायलाही सांगतात, पण तेही विचारूनच, कारण त्याने औषधाचा जोर वाढतो. आणि मॉइश्चरायझर दिवसातून अनेकदा, हात धुतले की लगेच.

मेडिकलवाल्याला हात दाखवून ‘नायट्याचं काहीतरी द्या’ म्हणणं मात्र सोडा. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीचं औषध आणि कडक स्टेरॉइड एकत्र असतं. नायटा असेल तर तो दबून पसरतो, सोरायसिस असेल तर चार दिवस बरं वाटून पुन्हा उसळतो. सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नायटा की सोरायसिस, हे त्वचा थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की बरंचसं कळतं. शेजारी कामोठ्याला एमजीएम मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथे त्वचारोग विभाग आहे.

मलमाने भागलं नाही तर प्रकाशोपचार. आपल्याकडच्या बावचीच्या बियांत सोरॅलेन असतं. याच गटातलं औषध आणि यूव्हीए किरण मिळून ‘पुवा’ उपचार होतो. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तो सोरायसिसवर मांडला. फक्त हातापायांसाठी छोटी यंत्रंही असतात. म्हणून घरी बावचीचं तेल चोपडून उन्हात बसू नका, फोड येतात. प्रकाशाचा डोस मोजूनच द्यावा लागतो.

त्यापुढे गोळ्या. मेथोट्रेक्सेट स्वस्त आणि जुनी, पण सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मोबाईलमध्ये वार ठरवून रिमाइंडर लावा, चिठ्ठीवर वार लिहून घ्या. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका, दारू तर नकोच, यकृतावर ताण येतो. ॲसिट्रेटिन तळव्यांवर चांगली चालते, पण ती बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते, त्यामुळे तरुण मुलींना सहसा देत नाहीत. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेटबद्दलही आधी बोला, हे मुलांनाही लागू. मग बायोलॉजिक इंजेक्शनं, गुणकारी पण महाग.

आणि सिगारेट. तळव्यांवर पिवळसर पूभरले फोड येणारा जो प्रकार आहे, त्याचे बरेच रुग्ण धूम्रपान करणारे असतात. डॉक्टरांनी विचारलं तर आकडा कमी करून सांगू नका.