बोटाएवढी गाळणी

संपादकांनी ऑशकॉशला पाठवलं होतं घरी बांधलेल्या विमानांवर लिहायला. मी अडकलो एका गाळणीपाशी.

तिथला मेळा भरवणाऱ्या संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ साली मिलवॉकीत एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. आता तिचं ठाणं विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशला आहे आणि दर जुलैत तिथे मोठा मेळा भरतो. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने केलेलं असेल, तर अमेरिकेत ते विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणीसाठी २०१७पर्यंत झगडावं लागलं. ते आठवलं की इथल्या विमानांच्या रांगा बघून हेवा वाटतो.

मेळ्यापासून थोडं दूर, एका हँगरमध्ये निवृत्त शाळामास्तर आरव्ही जातीचं विमान बांधत होते. ॲल्युमिनियमच्या पंखातच टाकी, आणि टाकीच्या तळाशी ती गाळणी: पितळी जाळीचं नळकांडं, एका टोकाला आटे. उजेडाकडे धरली तर पलीकडचा दिवा दिसतो. एवढी विरळ जाळी अडवणार काय?

मास्तरांना हा प्रश्न आवडला. टाकीतून इंधन बाहेर पडतं तिथेच बारीक जाळी लावली की ती लवकर तुंबते. शिवाय इंधनातलं पाणी थंडीत गोठलं, तर बर्फाचे कण तिथेच साचतात. टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी! म्हणून इथे फक्त रिव्हेटचा कीस, सीलंटचे गोळे, चिंधीचे धागे अडवायचे. बारीक गाळण पुढे, हात पोचेल अशा ठिकाणी. प्रमाणित विमानांच्या अमेरिकी नियमांत पिस्टन इंजिनासाठी इंचाला ८ ते १६ छिद्रांची जाळी सांगितलेली असे, आणि जाळीतली मोकळी जागा बाहेर जाणाऱ्या नळीच्या छेदाच्या किमान पाचपट. हौशी विमानाला ते बंधनकारक नाही. मास्तर तरी पाळतात. नळीचा आतला व्यास पावणेआठ मिलिमीटर, म्हणजे छेद सुमारे ४७ चौरस मिलिमीटर. पाचपट झाले २३५. जाळीची निम्मी जागा तारा खातात असं धरलं, तर एक सेंटिमीटर जाडीचं नळकांडं दीड सेंटिमीटर लांब हवं. मास्तरांचं चार आहे. अर्धी जाळी माखली तरी इंजिनाचं भागेल.

बसवणं तासाभराचं काम. आट्यांना सीलंट लावताना टोकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवायचे, नाहीतर आत घुसलेला तुकडा सुटून जाळीवरच येऊन बसतो.

साफ करायची म्हटलं की मात्र रडकथा सुरू होते. टाकी रिकामी करायची, तीही ठिणगी पडू नये म्हणून टाकी आणि डबा तारेने जोडून. मग पंखाच्या मुळाशी असलेलं झाकण काढायचं. ते स्क्रूंच्या जोडीला सीलंटनेही चिकटवलेलं असतं. ते खरवडताना निघालेला चुरा टाकीत पडतो, म्हणजे सफाईनेच नवा कचरा! जुन्या टाक्यांत गळती थांबवायला आतून ओतलेला लेप वर्षांनी पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि एक पापुद्रा जाळी झाकायला पुरतो. फायबरग्लासच्या टाकीत इथेनॉलचं पेट्रोल भरलं तर काही रेझिनं मऊ पडतात. तिथे कुणी गाळणी कायमची चिकटवून टाकली असेल, तर मालकाला टाकी कापण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते एक वेळ जाळी थोडी वाईट चालेल, पण हात न पोचणारी जाळी लावूच नये.

त्यात जाळी तुंबण्याचा दोष लबाड. पूर्ण थ्रॉटलला इंजिन खोकतं, थ्रॉटल कमी केला की सुरळीत चालतं. जमिनीवर येईपर्यंत कचरा तरंगून बाजूला गेलेला असतो आणि तपासणाऱ्याला काही सापडत नाही.

म्हणून उड्डाणाआधी मास्तर विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर करून प्रवाह मोजणार आहेत. इंधन पंपाने येतं, त्यामुळे पूर्ण ताकदीवर इंजिन पितं त्याच्या सव्वापट मिळालं पाहिजे. नुसत्या उतारावर येत असतं तर दीडपट लागलं असतं. बादली, स्टॉपवॉच आणि शेजारचा एक मुलगा, एवढी तयारी झाली आहे. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजायच्या. पहिल्या काही उड्डाणांनंतर झाकणं पुन्हा उघडायची, कारण बांधकामातला कचरा तेव्हाच सुटून येतो. त्यासाठी लागणारं सीलंट त्यांनी अजून मागवलेलं नाही. त्याची मुदत लवकर संपते.