राखणदार जर्नेलसिंग

फुटबॉलमध्ये चेंडू पायाने मारतात. समोरच्यांच्या जाळ्यात चेंडू गेला की गोल होतो. गोल करणाऱ्याचे नाव होते. पण आपल्या जाळ्यापुढे चेंडू अडवणारा गडीही हवा. शेताला राखणदार नसला तर पीक गेलंच की!

पंजाबचा जर्नेलसिंग असा राखणदार होता. तो कलकत्त्याच्या मोहनबागान संघात खेळे. १९६२ साली इंडोनेशियात, जाकार्ता शहरी, आशियाई खेळ झाले. तिथे एका सामन्यात त्याचे डोके फुटले. टाके घालावे लागले. तरी गडी मागे हटला नाही. संघाचे शिक्षक रहीमसाहेब. त्यांनी त्याला पुढच्या फळीत खेळवले. शेवटच्या सामन्यात दक्षिण कोरियावर त्याने गोल केला. भारत २-१ असा जिंकला. सोन्याचे पदक मिळाले.

मंडळी, राखण करणाऱ्याला कमी लेखू नये, असे आम्हाला वाटते. वेळ आली की तोही पुढे धावतो.