इंजिनातलं पाणी हिवाळ्याआधी काढा
अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा बोटी किनाऱ्यावर आणून झाकून ठेवतात. खरा धोका इंजिनात उरलेल्या पाण्याचा. बरीच इंजिनं तळ्याचंच पाणी ओढून थंड राहतात. ते गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉकही तडकवतं. बीड ताणलं जात नाही, सरळ फुटतं. म्हणून बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाची बुचं काढून पाणी सोडतात आणि मगच प्रॉपिलीन ग्लायकॉल हा गोठणरोधक द्रव भरतात. निचरा आधीच हवा, कारण उरलेलं पाणी मिसळलं तर हा द्रवही गोठू शकतो. एथिलीन ग्लायकॉल हा दुसरा गोठणरोधक मात्र विषारी. वसंतात ते तळ्यात उतरेल, म्हणून टाळावंच. मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. तेही बदलून घ्यावं.