नंबर हाती लागला, की गाव लागतं
मागोवा वंशावळींचा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या. तिथे यजमान स्वतः जाऊन नाव लिहवतो. आजच्या घराण्यांचा मूळपुरुष मात्र गावातून निघाला तो परतलाच नाही. ही मॉरिशसची मराठी घराणी.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून आलेले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर या बेटात आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून; मुंबईहून त्या मानाने थोडी, आणि त्यांत रत्नागिरीकडची बरीच. हेन्रिएटाच्या भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये बेटावरचा पहिला गणपती बसवला, असं तिथला मराठी समाज सांगतो. गणपतीत आजही तिथे झाकरी होते. आपली जाखडी पाहिलेल्याला ती वेगळी ओळखवून द्यावी लागत नाही.

एवढा धागा असूनही वंशावळ लावताना पहिली ठेच लागते ती आडनावाशी. उतरलेल्या माणसाचं एकच नाव लिहिलं जाई. समजा, तो सखाराम. त्याचा मुलगा विठू कागदावर ‘विठू सखाराम’ झाला. नातवंडांपैकी कुणाचं आडनाव सखाराम राहिलं, कुणाचं विठू झालं. सख्खे भाऊ, आडनावं दोन. त्यात फ्रेंच किंवा इंग्रजी वळणाच्या कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. भर म्हणजे, आपल्या रीतीने लागलेलं लग्न सरकारदरबारी धरलं जात नसे, त्यामुळे कित्येक मुलं नुसत्या आईच्या नावावर नोंदली गेली. अशी नोंद दिसली की घरातली वडीलधारी माणसं संकोचतात. संकोचायचं काही कारण नाही. दोष कायद्याचा होता, त्या बाईचा नव्हे.

म्हणून आडनावाचा नाद सोडून नंबर शोधावा. उतरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत त्याच्या कागदांवर राही. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरून त्यांच्या लग्नाकडे, लग्नावरून जन्माकडे, असं एकेक पिढी मागे जायचं. मधली पिढी गाळून उडी मारायची नाही. एका नावाची दहा माणसं निघतात. मूळ माणसाच्या, किंवा त्याच्या मुलांच्या, दाखल्यात पुष्कळदा तो नंबर लिहिलेला असतो.

नंबर मिळाला की मोक्याला महात्मा गांधी संस्थेत जायचं. स्थलांतरितांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. एका आडव्या ओळीत जहाज, वय, उंची, बापाचं नाव, जात, जिल्हा, परगणा, गाव आणि अंगावरची खूण. ‘कपाळावर व्रण’ एवढे दोन शब्द वाचले तरी पाच पिढ्यांमागचा माणूस समोर उभा राहतो. १८६० च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोही आहेत. पणजोबाचा चेहरा पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय वाटत असेल, ते मी लिहून सांगू शकणार नाही.

इथपर्यंतची वाट त्यामानाने सरळ. खरी अडचण आपल्या बाजूला आहे. नोंदीतलं ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. १९८१ पर्यंत मालवण, देवगड, वेंगुर्ला त्यातच होते. गावाचं नाव इंग्रजीत इतकं मोडलेलं, की ते मोठ्याने वाचून कोकणातल्याच माणसाला ऐकवावं. त्यातही त्याच नावाच्या वाड्या तीन तालुक्यांत. कोतवाल बुकात त्या माणसाचं नाव सहसा मिळणार नाही, कारण जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू होण्याआधीच तो गेलेला. मागे राहिलेल्या भावाची नातवंडं मात्र मिळतील, तीही मोडीत. खोती मुलुखात जमीन खोताची, कसणारं कूळ. जुन्या दप्तरात कुळाचं नाव शोधणं जिकिरीचं. अशा वेळी ग्रामदेवतेचा गुरव, मानकरी आणि भावकीतले म्हातारे कागदाहून जास्त उपयोगी पडतात.

मार्च २०२५ मध्ये मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय कार्ड देण्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. त्यामुळे हा शोध घेणारे आता वाढतील, आणि त्यांचे प्रश्न कोकणातल्या घरांपर्यंत येतील.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरच्या वंशावळीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या नावापुढे ‘परागंदा’ किंवा ‘निर्वंश’ लिहिलं असेल, तर तो शेरा अंतिम धरू नका. त्याचं नाव, बापाचं नाव, वाडी आणि कुलदैवत एका कागदावर उतरवून आमच्याकडे पाठवा.