भोवत्या : माळावरचा हिवाळी पाहुणा

पावसाळा सरला, की मोहोळ आणि शेजारच्या नान्नजच्या माळांवर लांब पंखांचा एक सडपातळ शिकारी पक्षी गवतालगत घिरट्या घालताना आपल्याला दिसतो. हाच भोवत्या. त्याचे घरटे मात्र येथे नसते. तीन हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेला, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात मादी जमिनीवरच अंडी घालते. येथेही हे पक्षी झाडावर झोपत नाहीत. कुसळी गवतात, जमिनीवर, थव्याने रात्र काढतात.

सकाळी ते उडून गेल्यावर तेथे त्यांनी ओकलेल्या गोळ्या सापडतात. एखादी भिजवून सोडवली, तर नाकतोड्यांचे पाय, उंदरांचे केस आपण ओळखू शकतो. त्याला शाळेतले भिंगही पुरते!

नान्नजचा माळ १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात आहे. बाहेरचा बराच माळ कागदोपत्री ‘पडीक’. तो नांगरला गेला, तर कझाकस्तानातले घर शाबूत असूनही भोवत्याला येथे रात्रीपुरतीही जागा उरणार नाही.